संगणकाचे दप्तर

हैदराबाद शहराच्या तारनाका भागात राज्य पुराभिलेखागाराची इमारत आहे. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या दक्षिणेतील अंमलाचे दीड लाखाच्या घरातील कागद तेथे सांभाळून ठेवलेले असून, एके काळी औरंगाबादेस असलेले हे दप्तर पुढे निजामाच्या दफ्तर-ए-दिवाणीत दाखल झाले. त्यांपैकी १६६० ते १६७१ या वर्षांतील निवडक वकाई डॉ. युसुफ हुसेन खान यांनी संपादित करून १९५३ साली हैदराबादच्या मध्यवर्ती अभिलेख कचेरीमार्फत प्रसिद्ध केल्या. कोण आला, कोण रवाना झाला, कोणाची नेमणूक झाली, कोणत्या पथकाची हजिरी घेतली गेली, असा जो रोजचा वृत्तांत वाकियानवीस नावाचा अंमलदार आपल्या ठाण्यातून बादशाही दरबारात धाडीत असे, तो या ग्रंथात वाचावयास मिळतो. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतही वाकनिशीचे पद होते, हे मराठी वाचकास सांगावयास नकोच.

या मोगली व्यवस्थेतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वाकियानवीस हा सुभेदाराचा ताबेदार नसे. सुभ्याचा कारभार सुभेदाराने करावा, पण त्या कारभाराची खबर देण्याचे काम केंद्राने नेमलेल्या निराळ्या माणसाकडे असावे, आणि त्या माणसाच्याही लिहिण्याची पडताळणी व्हावी म्हणून सवानिहनिगार व खुफियानवीस यांनी आपापले वृत्तांत स्वतंत्रपणे पाठवावेत, असा तो शिरस्ता होता. कृती करणारा आणि तिची नोंद राखणारा हे दोघे एकच असले, तर नोंदीस साक्षीचे मोल उरत नाही, एवढे शहाणपण त्या शिरस्त्याच्या मुळाशी होते. १९९८ साली माधापुरात सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिल्यापासून ज्या शहराची ओळख संगणकव्यवसायाशी जोडली गेली, त्या हैदराबादेत आज असंख्य यंत्रे अहोरात्र चालू असतात. आणि या यंत्रांच्या पोटात जी नोंदव्यवस्था काम करते, तिची उभारणीही याच शहाणपणावर झालेली आहे. तिला सिस्टिम लॉग, किंवा जोडनावाने सिसलॉग, असे म्हणतात.

संगणकावर एका वेळी शेकडो प्रोग्राम चालू असतात. त्यांपैकी पडद्यावर दिसणारे थोडे. बहुतेक प्रोग्राम अदृश्यपणे आपले काम करीत असतात: कोणी टपाल पोहोचवितो, कोणी ठरल्या वेळी ठरलेली कामे सुरू करतो, कोणी दारावर उभा राहून आत येऊ पाहणाऱ्याचा परवलीचा शब्द तपासतो. या प्रोग्रामांसमोर कोणी मनुष्य बसलेला नसल्यामुळे, त्यांना काही सांगावयाचे झाल्यास ते कोणाला सांगावे, हा प्रश्न आरंभापासूनच होता. जुन्या काळी त्याची तड प्रत्येक प्रोग्राम आपल्या मनाप्रमाणे लावीत असे. कोणी यंत्रचालकाच्या पडद्यावरच मजकूर उमटवी, कोणी स्वतःची निराळी फाइल उघडून तीत लिही, आणि कोणी तर काहीच न बोलता मरून जाई. परिणामी एखादा बिघाड झाला, की व्यवस्थापकास दहा ठिकाणच्या दहा वह्या धुंडाळाव्या लागत, आणि त्या वह्यांतील तारखांची पद्धत, भाषा व तपशील यांचा परस्परांशी मेळ नसल्यामुळे, आधी काय घडले आणि नंतर काय घडले, हेसुद्धा खात्रीने सांगता येत नसे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन हे संगणकज्ञ त्या सुमारास सेंडमेल नावाचा टपाल पोहोचविणारा प्रोग्राम लिहीत होते. टपालाच्या कामात अडचणी पदोपदी येतात: पत्ता चुकीचा निघतो, पलीकडचे यंत्र बंद असते, जागा अपुरी पडते. या सर्वांची नोंद सेंडमेलनेच ठेवावी, असे न करता ऑलमन यांनी नोंदींचे काम पाहणारा एक स्वतंत्र प्रोग्राम तयार केला, आणि सेंडमेलने आपला मजकूर त्याच्या हवाली करून मोकळे व्हावे, अशी तजवीज केली. १९८३ साली बर्कली युनिक्सची ४.२ ही आवृत्ती बाहेर पडली, तेव्हा तिच्यात ही सोय होती. आणि ती इतकी उपयुक्त ठरली, की टपालाशी काडीचाही संबंध नसलेले प्रोग्रामही तिचा आश्रय घेऊ लागले. गंमत अशी, की पुढली जवळजवळ दोन दशके या पद्धतीचा कोठेही अधिकृत जाबता लिहिला गेला नव्हता. एकाचे पाहून दुसऱ्याने करावे, अशा रीतीने ती जगभर पसरली, आणि तिचे चालू स्वरूप आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात प्रथम नमूद झाले ते २००१ साली. २००९ साली राइनर गेरहार्ड्स यांनी सिद्ध केलेल्या आरएफसी ५४२४ ने तिला खऱ्या अर्थाने नियमबद्ध रूप दिले.

या व्यवस्थेत प्रोग्रामकडून अपेक्षा फार थोडी असते. आपण कोणत्या खात्यातले आहोत, सांगावयाची गोष्ट कितपत गंभीर आहे आणि ती गोष्ट कोणती, एवढे तीन तपशील त्याने द्यावेत. तो मजकूर कोणत्या फाइलीत जावा, किती दिवस राहावा, दुसऱ्या यंत्राकडे रवाना व्हावा की नाही, कोणाला झोपेतून उठवावे की नाही, यांपैकी कशाचाही निर्णय प्रोग्रामने करावयाचा नसतो. ते सारे नोंद राखणाऱ्या प्रोग्रामच्या, आणि त्याला हुकूम देणाऱ्या व्यवस्थापकाच्या अखत्यारीतले.

खात्यांना शून्यापासून तेवीसपर्यंत क्रमांक दिलेले आहेत. शून्य म्हणजे कर्नल, अर्थात यंत्रणेचा गाभा, एक सामान्य वापरकर्त्यांचे प्रोग्राम, दोन टपाल, तीन पडद्याआडचे सेवक, चार ओळख पटविणारे खाते, सहा छपाई, नऊ ठरल्या वेळची कामे. या यादीत आज बहुतेकांनी पाहिलेलेही नाहीत असे यूयूसीपी व न्यूज यांसारखे जुने विभागही अद्याप आपला क्रमांक राखून आहेत. शेवटचे सोळा ते तेवीस हे आठ क्रमांक मात्र मुद्दाम मोकळे सोडलेले असून, ज्या त्या संस्थेने आपल्या गरजेप्रमाणे ते वापरावेत, अशी मुभा आहे. त्यांना लोकल शून्य ते लोकल सात म्हणतात.

गांभीर्याच्या पायऱ्या आठ आहेत, आणि त्यांचा क्रम नवख्यास उलटा वाटतो, कारण आकडा जितका लहान तितकी आपत्ती मोठी. शून्य म्हणजे आणीबाणी: सारी यंत्रणाच निरुपयोगी झाली आहे. एक म्हणजे अलर्ट: या क्षणी कोणीतरी हात घातला पाहिजे. दोन क्रिटिकल, तीन एरर, चार वॉर्निंग. पाच म्हणजे नोटिस: बिघाड काही नाही, पण गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सहा म्हणजे निव्वळ माहिती. आणि सात म्हणजे डिबग, अर्थात प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोष शोधण्यासाठी स्वतःच्या सोयीने केलेली टिपणे. खाते आणि गांभीर्य हे दोन्ही आकडे मिळून एकच आकडा तयार करतात: खात्याच्या क्रमांकास आठने गुणावे आणि त्यात गांभीर्याचा क्रमांक मिळवावा. नोंद घेणारा प्रोग्राम या आकड्यास आठने भागतो. भागाकारात खाते येते आणि बाकीत गांभीर्य.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते पाहू. समजा, हैदराबादच्या सुलतानबाजारातल्या एखाद्या ग्रंथालयाने आपली ग्रंथसूची संगणकावर ठेवली आहे, आणि रोज पहाटे सव्वादोन वाजता त्या सूचीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरविणारा एक लहानसा प्रोग्राम लावलेला आहे. एका रात्री डिस्क भरून जाते, नक्कल अर्ध्यावर थांबते, आणि प्रोग्राम आपली इत्तला देतो. ती देवनागरीत उतरविली तर अशी वाचता येईल:

<१३१>मार्च ४ ०२:१५:०७ ग्रंथालय१ बॅकअप[४२१७]: नक्कल अपुरी: डिस्कवर जागा नाही, हवी ६१२ एमबी, शिल्लक ४० एमबी, कालची नक्कल शाबूत

आरंभीच्या १३१ या आकड्यास आठने भागले असता सोळा येतात आणि बाकी तीन उरते, म्हणजे खाते लोकल शून्य आणि गांभीर्य एरर. त्यानंतर वेळ, यंत्राचे नाव, प्रोग्रामचे नाव, आणि कंसात त्या प्रोग्रामच्या त्या वेळच्या धावेचा क्रमांक. विसर्गचिन्हापुढे खरा मजकूर. सकाळी येऊन ही एक ओळ वाचणाऱ्या ग्रंथपालास काय बिघडले, किती जागा मोकळी करावयाची आणि घाबरून जाण्याचे कारण आहे की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. तीच ओळ ‘नक्कल करताना त्रुटी आली’ एवढ्यावर संपली असती, तर ती नियमाप्रमाणे बिनचूक असूनही निरुपयोगी ठरली असती.

अशी ओळ पाठविण्यास फारसे कौशल्य लागत नाही. सी भाषेत लिहिणाऱ्यास ओपनलॉग, सिसलॉग आणि क्लोजलॉग अशी तीन फंक्शने आयती मिळतात. पहिल्याने आपले नाव व खाते एकदा कळवून ठेवावे, दुसऱ्याने प्रत्येक वेळी गांभीर्य व मजकूर द्यावा, तिसऱ्याने निरोप घ्यावा. आणि दुसऱ्याचाच उपयोग केला तरी काम अडत नाही. ज्यांना सी भाषा येत नाही, त्यांच्यासाठी लॉगर नावाची आज्ञा आहे. ती टंकून पुढे ‘पी’ या खुणेने खाते व गांभीर्य, ‘टी’ या खुणेने आपले नाव, आणि अखेरीस अवतरणचिन्हांत मजकूर दिला, की नोंद होते. खाते व गांभीर्य सांगितलेच नाही, तर सामान्य वापरकर्ता आणि नोटिस असे गृहीत धरले जाते, म्हणजे तेरा हा आकडा पडतो.

या सुलभतेच्या पोटातच एक वैगुण्य दडलेले आहे. लॉगरला आपले नाव म्हणून कोणतेही नाव देता येते. यंत्रावरील कोणीही सामान्य वापरकर्ता दुसऱ्याच प्रोग्रामचे नाव सांगून हवा तो मजकूर दप्तरात घालू शकतो, आणि जुन्या पद्धतीचा नोंद घेणारा ती तोतया ओळख निमूटपणे लिहून घेतो. २०११ साली पुढे आलेल्या जर्नल या नव्या लिनक्सी व्यवस्थेने यावर जो उपाय योजला, तो मासलेवाईक आहे. पाठविणाऱ्याने सांगितलेले नाव ती लिहून घेते, परंतु त्याशेजारी पाठविणाऱ्या प्रोग्रामचा खरा क्रमांक आणि तो चालविणाऱ्या वापरकर्त्याची खरी ओळख ती कर्नलकडून स्वतः मिळवून नमूद करते. आणि या स्वतः पडताळलेल्या तपशिलांच्या नावाआधी अधोरेषा घालते, जी पाठविणाऱ्यास कधीही घालता येत नाही. अर्जदाराने लिहिलेली कैफियत आणि कचेरीने पाहून केलेला शेरा एकाच कागदावर असूनही एकमेकांत मिसळत नाहीत, तसाच हा प्रकार.

मजकूर देताना केलेल्या हयगयीने याहून मोठे अनर्थ घडलेले आहेत. सिसलॉग या फंक्शनला मजकुराचा साचा आणि साच्यात भरावयाचे शब्द वेगवेगळे द्यावयाचे असतात. साच्यात टक्क्याचे चिन्ह आले, की त्या जागी काहीतरी भरावयाचे आहे, असे ते समजते. बाहेरच्या माणसाने पाठविलेला शब्द जर कोणी आळसाने साचा म्हणूनच देऊन टाकला, तर त्या शब्दात टक्क्यांची चिन्हे पेरून बाहेरच्यास संगणकाच्या स्मृतीतील मजकूर वाचता येतो. एवढेच नव्हे, तर तीत लिहिताही येते. २००० साली लिनक्सवरील आरपीसी-स्टॅटडी या प्रोग्राममध्ये आणि एलपीआरएनजी या छपाईच्या प्रोग्राममध्ये नेमक्या सिसलॉगला दिलेल्या मजकुरातच हा दोष सापडला, आणि जानेवारी २००१ मध्ये रॅमेन नावाचा उपद्रवी प्रोग्राम ज्या फटींतून यंत्रायंत्रांत शिरला, त्यांत या दोन्ही फटी होत्या. जी ओळ चोराची नोंद करण्यासाठी लिहिली गेली, तिनेच चोरास वाट करून दिली. वस्तुतः उपाय अगदी क्षुल्लक आहे: साचा नेहमी आपला स्वतःचा असावा, आणि परक्याचा शब्द केवळ भरावयाचा शब्द म्हणून द्यावा. त्याच न्यायाने परक्या शब्दातील ओळ तोडणारी चिन्हेही काढून टाकावीत; एरवी एका नोंदीच्या दोन होतात, आणि दुसरी सर्वस्वी खोटी असू शकते.

दुसरी हयगय गुप्त गोष्टी लिहिण्याची. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना परवलीचे शब्द बदलण्याचा सल्ला दिला, कारण ते शब्द सांकेतिक रूपात बदलले जाण्यापूर्वीच एका अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात असल्याचे कंपनीस आढळून आले होते. मुख्य तिजोरीस कडेकोट बंदोबस्त होता. परंतु दप्तरात जे लिहिले जाते, ते पुष्कळांच्या नजरेस पडते, त्याच्या नकला निघतात, ते दूरदूरच्या यंत्रांवर साठविले जाते, याचा विसर पडला. म्हणून परवलीचा शब्द, कार्डाचा पुरा क्रमांक, आधार क्रमांक यांस सिस्टिम लॉगमध्ये स्थान नाही.

आता नोंद राखणाऱ्याच्या कर्तव्यांकडे वळू. त्याच्यापाशी व्यवस्थापकाने लिहिलेले हुकूम असतात: टपालखात्याचे सर्व मजकूर या फाइलीत, ओळख पटविणाऱ्या खात्याचे त्या निराळ्या व बंदिस्त फाइलीत, आणीबाणीचा मजकूर हजर असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर. प्रोग्रामात तिळमात्र फेरफार न करता हे हुकूम केव्हाही बदलता येतात, हाच बोलणारा आणि लिहून घेणारा यांच्या फारकतीचा प्रत्यक्ष लाभ. एकच मजकूर लागोपाठ शंभरदा आला, तर जुना नोंद घेणारा तो एकदा लिहून ‘शेवटचा मजकूर इतक्या वेळा पुन्हा आला’ अशी मखलाशी करतो. याहून मार्मिक तरतूद मार्क या ओळीची. कोणीच काही बोलत नसेल, तर दर वीस मिनिटांनी केवळ ‘मार्क’ एवढाच शब्द दप्तरात लिहावा, अशी सोय जुन्या प्रोग्रामात होती. काही घडले नाही म्हणून दप्तर कोरे आहे, की नोंद घेणाराच बंद पडला म्हणून कोरे आहे, हा भेद त्या शब्दामुळे कळतो. शांततेचीही साक्ष काढावी लागते, हे ज्यास सुचले, तो खरा दप्तरदार म्हटला पाहिजे.

दप्तर वाढत राहते, आणि डिस्क तर परिमित असते. म्हणून ठराविक काळाने चालू फाइल बाजूस काढून नवी सुरू करणे, जुनी आवळून ठेवणे आणि मुदत संपलेली नष्ट करणे हे काम लॉगरोटेट नावाच्या प्रोग्रामकडे दिलेले असते. अनेक लिनक्स यंत्रणांत त्याचा मूळ शिरस्ता आठवड्यास एक फाइल आणि चार आठवड्यांचा साठा, असा असतो.

दप्तर ज्या यंत्रावर आहे, त्याच यंत्रावर कोणी घुसखोराने पूर्ण ताबा मिळविला, तर आपल्या येण्याजाण्याच्या नोंदी तो प्रथम पुसून टाकील, हे उघड आहे. १९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत पंचाहत्तर सेंटांच्या हिशेबी तफावतीचा माग काढताना क्लिफर्ड स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना छापणारी यंत्रे जोडून घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उतरवून घेतली, ती यासाठीच: यंत्रातली फाइल पुसता येते, कागद पुसता येत नाही. आज हेच काम निराळ्या यंत्राकडे सोपविले जाते. प्रत्येक सर्व्हर, राउटर आणि फायरवॉल आपला मजकूर लिहिता लिहिताच त्याची एक प्रत नेटवर्कवरून मध्यवर्ती नोंदयंत्राकडे रवाना करतो, आणि त्या यंत्रात शिरण्याचा अधिकार मोजक्याच माणसांना असतो. मूळ पद्धतीत ही रवानगी यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टावर होई. तीत मजकूर पोहोचल्याची पोच मिळत नसे, आणि तो उघड्या कागदासारखा वाटेत कोणालाही वाचता येई. आता ६५१४ क्रमांकाच्या पोर्टावर बंद लखोट्यातून, पाठविणाऱ्याची ओळख पटवून तो पाठविण्याची सोय झाली आहे. तरीही कित्येक ठिकाणी जुनीच चाल चालू राहते, कारण ती सोपी आहे.

निरनिराळ्या यंत्रांचे मजकूर एकत्र येऊ लागले, की काळाचा प्रश्न ऐरणीवर येतो. वर दिलेल्या ओळीतील तारखेकडे वाचकाने पुन्हा पाहावे: तीत महिना आहे, दिवस आहे, तास, मिनिट, सेकंदही आहेत, वर्ष नाही, आणि ही वेळ हैदराबादेची की न्यूयॉर्कची, याचाही उल्लेख नाही. एका इमारतीतल्या एका यंत्रासाठी जी पद्धत पुरेशी होती, ती माधापुरात बसून सातासमुद्रापलीकडच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या मंडळींना अपुरी पडणे स्वाभाविक होते. ५४२४ च्या नियमांनी वर्ष, सेकंदाचे सूक्ष्म भाग आणि जागतिक वेळेपासूनचे अंतर हे सारे तारखेत आणले, त्यामुळे भारतीय वेळेपुढे अधिक साडेपाच तास असे स्पष्ट लिहिता येते. याच नियमांनी मजकुरास यूटीएफ-८ लिपिसंकेताची मोकळीक दिल्याने देवनागरी मजकूरही आता विधिपूर्वक दप्तरात जाऊ शकतो. मात्र या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, आणि प्रत्येक घेणाऱ्याने स्वीकारलाच पाहिजे असा किमान संदेश ४८० बाइटांचा असल्यामुळे, मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्यास, तारीख व नावे वजा जाता, देवनागरीची फार तर दीडशे चिन्हे येतात. संक्षेपाचा अभ्यास त्याला अधिक करावा लागेल.

या सर्वांचे व्यवहारातले महत्त्व बँकांच्या कारभारात जितके उघड दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. आणि त्या कारभाराचे एक मोठे केंद्र हैदराबादेतच आहे. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली मासाब टँक भागात बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्था स्थापन केली; आयडीआरबीटी या आद्याक्षरांनी ती परिचित आहे. कोणत्याही बँकेचे कार्ड कोणत्याही बँकेच्या एटीएममध्ये चालावे, यासाठी नॅशनल फायनान्शियल स्विच ही दुवा साधणारी यंत्रणा या संस्थेने २००४ साली सुरू केली, आणि डिसेंबर २००९ मध्ये ती राष्ट्रीय पेमेंट्स निगमाकडे सोपविण्यात आली.

समजा, नांदेडच्या एखाद्या खातेदाराने हैदराबादच्या अबिड्स भागातील दुसऱ्याच बँकेच्या एटीएममधून पाच हजार रुपये काढू पाहिले. खात्यातून रक्कम वजा झाली, पण नोटा बाहेर आल्या नाहीत. खातेदाराची फिर्याद आली, की सारा तंटा नोंदींवर येऊन ठेपतो. एटीएमच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक जर्नलमध्ये नोटा मोजल्या गेल्या, पण दारापर्यंत आल्या नाहीत, असे लिहिलेले असते. मधल्या स्विचच्या नोंदीत मागणी आली, मंजुरी गेली, एवढेच असते. खातेदाराच्या बँकेत रक्कम वजा झाल्याची नोंद असते. आणि त्या क्षणी तार तुटली होती काय, हे राउटरांनी पाठविलेल्या सिसलॉग मजकुरावरून कळते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत परत जमा झाली पाहिजे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. चारही दप्तरांतील घड्याळे जुळलेली असतील, तर निवाड्यास काही मिनिटे पुरतात. ती जुळलेली नसतील, तर प्रत्येक बँक आपल्या कागदाकडे बोट दाखवील, आणि प्रत्येकीचे म्हणणे तिच्यापुरते खरे असेल.

संगणकसुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश या दृष्टीने वाचनीय आहेत. सर्व यंत्रणांचे लॉग चालू ठेवून ते १८० दिवसांपर्यंत जतन करावेत, विपरीत घटनेची खबर सहा तासांच्या आत द्यावी, आणि आपली घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या अथवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसेवेशी जुळवून घ्यावीत, असे त्यांत फर्माविले आहे. चार आठवड्यांनी जुनी फाइल टाकून देणारा मूळ शिरस्ता तसाच ठेवणाऱ्या व्यवस्थापकाने येथे सावध झाले पाहिजे. कारण घुसखोर पुष्कळदा आत शिरल्यावर महिनोगणती स्वस्थ बसून राहतो, आणि ज्या दिवशी त्याचा सुगावा लागतो, त्या दिवशी तो केव्हा आला हे सांगणारे पान शिल्लक असावे लागते.

आपल्या प्रोग्रामकडून दप्तरात मजकूर धाडणाऱ्या नवशिक्याने यावरून काय घ्यावे? त्याने हे ओळखावे, की त्याची ओळ वाचणारा मनुष्य त्याला अपरिचित असणार आहे; तो बहुधा अवेळी, घाईत, दुसऱ्या कोणाच्या तरी तक्रारीच्या तगाद्याखाली ती वाचणार आहे, आणि मूळ प्रोग्राम त्याने उघडूनही पाहिलेला नसणार. म्हणून काय करावयाचे होते, कोणत्या वस्तूवर, काय आडवे आले आणि आता प्रोग्राम पुढे काय करणार आहे, हे एका घटनेस एक ओळ या मापाने सांगावे. गांभीर्याच्या बाबतीत सत्यास चिकटून राहावे: प्रत्येक किरकोळ गोष्टीस एरर म्हणणारा प्रोग्राम व्यवस्थापकास एरर न वाचण्याची सवय लावतो, आणि भिडेखातर मोठ्या आपत्तीस माहिती म्हणणारा तिला सहाव्या पायरीवर गाडून टाकतो. एवढे करून झाले, की ओळ हातावेगळी करावी आणि ती कोठे जाते, कोण वाचतो, किती दिवस राहते, याची उठाठेव करू नये. मजकुरावरील आपला हक्क असा सोडून देणे पुष्कळ प्रोग्रामकारांच्या जिवावर येते. स्वतःची फाइल, स्वतःची पद्धत, मागाहून दुरुस्ती करण्याची सोय, हे सर्व त्यांना हवे असते. परंतु उद्या तंटा उभा राहिला, आणि तुमच्या प्रोग्रामने त्या रात्री खरोखर काय केले, हा सवाल कोणी विचारला, तर त्याच्या जबानीवर विश्वास ठेवण्याचे कारण एकच असेल: ती देऊन झाल्यावर तिच्यात एका अक्षराचाही फेरफार करणे त्याच्या हाती राहिले नव्हते.